मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना मार्क देणं का सोडलं? आणि पाच माणसांच्या धंद्याने त्यातून काय घ्यावं?



धंदा सुरू करून वर्ष-दोन वर्षं झालेली मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो. तो भांडवलाचा नसतो, मार्केटिंगचाही नसतो. तो असतो माणसांचा. "सर, सांगून सांगून थकलो. जो चांगला होता तो सोडून गेला आणि जो राहिलाय तो वेळ काढतोय. या मोठमोठ्या परदेशी कंपन्या हजारो माणसांकडून काम करून घेतात तरी कसं?"

प्रश्न रास्त आहे. दोनशे माणसांच्या कंपनीतून एक जण गेला तर फार फरक पडत नाही. तुमच्या पाचातला एक गेला तर वीस टक्के धंदा हलतो. त्यात जाणारा तुमचा सगळ्यात चांगला कारागीर असेल, तर त्याच्यामागे गिऱ्हाईकही जातं.

म्हणून आज आपण बहुराष्ट्रीय कंपन्या हे कसं करतात ते बघू. त्यांनी काय करून पाहिलं, कुठे हात पोळले आणि शेवटी कुठे आल्या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कंपन्या कोट्यवधी रुपये खर्चून जिथे येऊन पोचल्या, तिथे तुम्ही पहिल्या दिवसापासून उभे आहात. फक्त त्या जागेचा उपयोग करत नाही. कसं, ते पुढे कळेलच.

परफॉर्मन्स मॅनेजमेंट म्हणजे नक्की काय?

शब्द मोठा आहे, काम साधं आहे. त्यात चार गोष्टी येतात. माणसाकडून काय हवंय ते ठरवणं. तो ते करतोय का, हे बघणं. जे दिसलं ते त्याला सांगणं. आणि त्यानुसार पगार, बढती किंवा निरोप.

तुमचा भाऊ किंवा मेहुणी हिंजवडीत नोकरीला असेल तर 'अप्रेझल' आणि 'बेल कर्व्ह' हे शब्द तुम्ही घरात ऐकले असतील. वर्षभर काम करायचं, मार्च-एप्रिलच्या सुमारास साहेबासमोर बसायचं, एक ते पाचमध्ये कुठलातरी आकडा मिळायचा आणि त्यावर पगारवाढ ठरायची. ही पद्धत अनेक वर्षं जगभर चालली. ती एवढी पसरली त्यात एका कंपनीचा मोठा वाटा होता.

जीईचा २०-७०-१० चा हिशेब

जनरल इलेक्ट्रिक म्हणजे जीई. जॅक वेल्च हे १९८१ ते २००१ अशी वीस वर्षं तिचे प्रमुख होते. त्यांचा हिशेब असा होता : दरवर्षी प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या माणसांचे तीन गट करायचे. वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि खालचे १० टक्के. वरच्यांना भरभरून द्यायचं, मधल्यांना घडवायचं, खालच्यांना निरोप द्यायचा.

वेल्च यांच्या काळात जीई खूप वाढली. मग काय, जगभरच्या कंपन्यांनी हा साचा उचलला. देश वेगळा, काम वेगळं, तरी फॉर्म तोच.

यात एक गोष्ट चांगली होती, ती नाकारायला नको. माणसाला आपण कुठे उभे आहोत ते स्पष्ट कळायचं. वर्षानुवर्षं गोड बोलून एक दिवस अचानक काढून टाकण्यापेक्षा हे बरं, असं वेल्च म्हणायचे. त्यात तथ्य आहे.

पण खोट कुठे आहे बघा. समजा एखाद्या गटात दहाच्या दहा माणसं चांगली आहेत. तरीही कुणालातरी खालच्या गटात टाकावंच लागणार, कारण साचा आधी ठरलेला आहे. आणि तुमच्या धंद्यात तर हे गणितच बसत नाही. पाच माणसांचे १० टक्के म्हणजे अर्धा माणूस! कुठला अर्धा काढणार?

मायक्रोसॉफ्टमध्ये लोक कुणाशी लढत होते?

मायक्रोसॉफ्टमध्येही अशीच क्रमवारी होती. दहा जणांच्या गटात दोघांना उत्तम शेरा, सात जणांना बरा आणि एकाला वाईट, असा साधारण हिशेब असायचा. २०१२ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' या अमेरिकन मासिकात कंपनीच्या पिछेहाटीवर मोठा लेख आला. लेखकाने ज्या आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलणं केलं, त्यांनी कंपनीतली सगळ्यात घातक गोष्ट म्हणून याच क्रमवारीकडे बोट दाखवलं.

कारण समजायला सोपं आहे. शेजारच्याला मदत केली की तो वर जातो, म्हणजे मी खाली जातो. मग मदत कशाला करायची? हुशार माणसं हुशार माणसांच्या गटात जायला नाखूश, कारण तिथे खालचा नंबर लागायची भीती. बाहेर ॲपल आणि गूगलशी लढाई चालू असताना आतली माणसं एकमेकांशी लढत होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बंद केली.

आता जरा आपल्याकडे बघा. "बघ, तो बघ कसा काम करतो आणि तू?" हे वाक्य दुकानात सगळ्यांसमोर आपण किती वेळा बोलतो? हीच ती क्रमवारी, फक्त फॉर्म नाही एवढंच. त्या वाक्याने मागे असलेला सुधारत नाही. पुढे असलेल्याशी त्याचं वाकडं मात्र होतं.

अडोबीची बातमी भारतातून फुटली

ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती आपल्या देशात घडली. फोटोशॉप बनवणारी अडोबी कंपनी. २०१२ मध्ये तिच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख डॉना मॉरिस भारतात आल्या होत्या. लांबच्या प्रवासाने दमलेल्या, झोप न झालेल्या. 'इकॉनॉमिक टाइम्स'ला मुलाखत देताना त्या बोलून गेल्या की वार्षिक अप्रेझल आम्ही मोडीत काढणार आहोत. बातमी थेट छापून आली. गंमत म्हणजे कंपनीत तोवर तसं काही जाहीरच झालं नव्हतं!

पण त्यांनी माघार घेतली नाही. कर्मचाऱ्यांनाच विचारलं, बोला, काय करूया? हिशेब केला तेव्हा दिसलं की व्यवस्थापकांचे वर्षाला ८०,००० तास या अप्रेझलमध्ये जातात. म्हणजे सुमारे ४० माणसांनी वर्षभर दुसरं काहीच न करता फक्त फॉर्म भरण्यासारखं. आणि एवढं करून फेब्रुवारीत मार्क जाहीर झाले की नोकरी सोडणाऱ्यांची रांग लागायची.

मग अडोबीने 'चेक-इन' नावाची पद्धत आणली. मार्क नाहीत, क्रमवारी नाही, लांबलचक फॉर्म नाहीत. वर्षभर अधूनमधून साहेब आणि कर्मचारी समोरासमोर बसतात आणि तीनच गोष्टी बोलतात. तुझ्याकडून काय अपेक्षा आहे. तुझं काम कसं चाललंय. तुला पुढे काय शिकायचंय. पगारवाढ वेगळी, वर्षातून एकदा. त्यानंतर आपणहून नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं.

मार्क नेमके कुणाचे? देणाऱ्याचे!

सल्लागार कंपनी डेलॉइटनेही २०१५ मध्ये आपला हिशेब मांडला. मार्क देण्याच्या कामात त्यांचे वर्षाला सुमारे २० लाख तास जात होते. त्यातला बराच वेळ कर्मचाऱ्याशी बोलण्यात नव्हे, तर त्याच्याबद्दल बंद दाराआड चर्चा करण्यात.

त्यांनी २००० सालच्या एका अभ्यासाचा दाखला दिला. त्यात ४,४९२ व्यवस्थापकांना त्यांच्या वरिष्ठांनी, बरोबरीच्यांनी आणि हाताखालच्यांनी मार्क दिले होते. मार्कांमधला फरक कशामुळे पडतो, ते तपासलं. उत्तर असं निघालं की ६२ टक्के फरक मार्क देणाऱ्याच्या स्वभावामुळे पडतो. कामामुळे पडणारा फरक फक्त २१ टक्के!

म्हणजे कडक माणूस कमी देतो, मवाळ माणूस जास्त देतो. ज्याला वेळेचं वेड आहे तो उशिरावर मार्क कापतो, ज्याला स्वच्छतेचं वेड आहे तो पसाऱ्यावर. आपण समजतो की आपण कामगाराला मोजतोय. खरं तर आपण आपलीच आवड-निवड मोजत असतो.

त्याच वर्षी ॲक्सेंचरने वार्षिक क्रमवारी बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि जिने हा साचा जगाला दिला, त्या जीईनेही त्याच सुमाराला वार्षिक मार्क सोडून वारंवार बोलण्याची वाट धरली.

आणि खरी मेख पुढे आहे. जीईमध्येच १९६० च्या दशकात अप्रेझलचा अभ्यास झाला होता आणि १९६५ मध्ये तो 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये छापूनही आला होता. त्यात दिसलं की टीका केली की माणूस बचावात जातो आणि काम सुधारत नाही. नुसत्या कौतुकानेही फारसा फरक पडत नाही. नेमकं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवलं, तर काम सुधारतं. शिवाय पगाराची चर्चा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत करू नये. म्हणजे उत्तर ५० वर्षं कपाटात पडून होतं!

नुसते मार्क काढले की झालं का?

नाही. इथे थांबलात तर चुकीचा धडा घेऊन जाल. काही कंपन्यांनी मार्क काढले, पण बोलणं वाढवलं नाही. मग माणसाला आकडाही मिळेना आणि शब्दही मिळेना. फेसबुकने २०१६ मध्ये जाहीर लेख लिहून सांगितलं की आम्ही मूल्यमापन ठेवणार. त्यांचं म्हणणं असं की साहेबाच्या मनात मत तर बनतंच. ते उघड सांगितलं नाही तर बंद पेटीत राहतं आणि पगार मात्र त्यावरूनच ठरतो.

मार्क द्यावेत की नाही यावर कंपन्यांत अजून वाद आहे. पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत झालंय : वर्षातून एकदा निकाल लावण्यापेक्षा वारंवार, थोडंथोडं, कामाबद्दल बोललेलं बरं.

आता आपला मुद्दा. हजारो माणसांच्या कंपनीला हे 'वारंवार बोलणं' जमवायला ॲप बनवावी लागतात, शिबिरं घ्यावी लागतात. तुम्ही तर रोज त्या माणसाच्या बाजूला उभे असता! त्याचा हात कसा चालतो, गिऱ्हाइकाशी तो कसा बोलतो, आज त्याचं मन कुठे आहे, हे सगळं तुम्हाला दिसतं. पण आपण करतो काय? एकतर काहीच बोलत नाही, आतल्या आत धुमसतो. नाहीतर एक दिवस सगळं एकदम ओकतो.

चला तर मग, काय करायचं ते बघू. उदाहरण म्हणून एक पोळी-भाजी केंद्र घेऊया. दोन ताई पोळ्या करतात, एक मावशी भाजी बघतात, एक मुलगा डबे पोचवतो, एक जण काउंटरवर.

पहिली गोष्ट : 'नीट काम कर' म्हणजे काय, ते ठरवा

मार्क देण्याच्या पद्धती आल्या-गेल्या, पण इंटेलमधली एक गोष्ट टिकली. अँडी ग्रोव्ह यांनी तिथे उद्दिष्टं ठरवण्याची सोपी रीत बसवली : कुठे जायचंय ते एक वाक्य आणि पोचलो हे कळायला तीन-चार मोजता येतील अशा खुणा. इंटेलमध्ये काम केलेले जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलला शिकवली. तीच आज 'ओकेआर' नावाने जगभर चालते.

डबे पोचवणाऱ्या मुलाला "वेळेवर जात जा" सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. त्याऐवजी असं ठरवा :

- सगळे डबे दुपारी १ च्या आत गिऱ्हाइकाच्या हातात.
- सांडलेला डबा आठवड्यात एकापेक्षा जास्त नको.
- रिकामे डबे त्याच दिवशी परत, मोजून.
- उशीर होणार असेल तर आधी फोन.

चारच ओळी. त्या त्याच्याशी बोलून ठरवा, कारण रस्ता त्याला माहीत आहे. तो म्हणेल, "दादा, १२ ला डबे भरून मिळाले तरच १ ला पोचतील." बघा, म्हणजे अडचण त्याच्या सायकलीत नव्हती, तुमच्या स्वयंपाकघरात होती!

दुसरी गोष्ट : एकाच आकड्यामागे लावू नका

इथे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेची गोष्ट ऐका. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या ८ सेवा विकायच्या, असा तिथे नारा होता. खालच्या कर्मचाऱ्यांवर त्या आकड्याचा एवढा दबाव आला की त्यांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं, तेव्हा अशी सुमारे २० लाख खाती असल्याचा अंदाज होता. बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. आधीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलेलं होतं. पुढच्या महिन्यात प्रमुखांनाही जावं लागलं.

५,३०० माणसं काय सगळी जात्याच लबाड होती का? एक आकडा डोक्यावर बसवला आणि बाकीचं कुणी बघितलंच नाही, की असं होतं.

तुमचा डबेवाला मुलगा फक्त 'तासाला किती डबे' यावर मोजलात तर तो सिग्नल तोडेल, डबा वॉचमनकडे टाकून पळेल, आमटी सांडेल. म्हणून वेगाच्या प्रत्येक आकड्याला दर्जाचा एक आकडा जोडा. किती डबे पोचले, त्याच्या शेजारी किती तक्रारी आल्या. किती पोळ्या झाल्या, त्याच्या शेजारी किती डब्यांतून पोळ्या परत आल्या.

तिसरी गोष्ट : आठवड्याला १५ मिनिटं, एकेकाशी

ग्रोव्ह यांचं म्हणणं होतं की व्यवस्थापकाने एकेका माणसाबरोबर दिलेला तास-दीड तास पुढच्या दोन आठवड्यांच्या कामाचा दर्जा बदलू शकतो. तुम्हाला दीड तास नको. आठवड्याला १५ मिनिटं पुरे. पाच माणसं म्हणजे सव्वा तास.

गिऱ्हाईक नसेल अशी वेळ धरा. चहा मागवा. बाकीच्यांपासून बाजूला बसा. आणि हे तीन प्रश्न विचारा :

1. या आठवड्यात काय चांगलं झालं?
2. कुठे अडलं? मी काय करायला हवं?
3. पुढच्या आठवड्यात कुठली एक गोष्ट सुधारायची?

एकच गोष्ट. पाच नाही. आणि तुम्ही कमी बोला, त्याला बोलू द्या.

बोलताना स्वभावावर जाऊ नका, घटनेवर बोला. "तू बेजबाबदार आहेस" यावर तो फक्त भांडू शकतो किंवा गप्प बसू शकतो. त्याऐवजी असं बोला : "अरे, मंगळवारी आणि गुरुवारी बँकेतल्या मॅडमचा डबा दीडला पोचला. त्यांची सुट्टी संपलेली असते रे. काय झालं होतं?" यावर त्याला उत्तर द्यावंच लागतं. आणि ते उत्तर बहुतेक वेळा कामाचं असतं.

जे ठरलं ते वहीत लिहा. प्रत्येकासाठी एक पान. तारीख, काय चांगलं, काय ठरलं. महिन्यात चार ओळी होतील. याचा फायदा असा की वर्षाच्या शेवटी तुम्ही मूडवर निर्णय घेत नाही. परवाचं भांडण लक्षात राहतं आणि गणपतीत त्याने रात्री ११ पर्यंत थांबून मोदकांची ऑर्डर पुरी केली होती ते विसरायला होतं. वही विसरत नाही. आणि त्या ६२ टक्क्यांवरचा स्वस्तातला उपायही हाच आहे.

चौथी गोष्ट : येत नाही की करायचं नाही?

काम बिघडलं की ग्रोव्ह एक साधी परीक्षा सांगायचे. त्या माणसाच्या जिवावर बेतलं असतं तर त्याला ते काम जमलं असतं का? जमलं नसतं, तर त्याला ते येत नाही. जमलं असतं, तर त्याला ते करायचं नाहीये.

दोन्हींची औषधं वेगळी आहेत. येत नसेल तर शिकवा. रागावून कुणाला पोळी गोल लाटता येत नाही. करायचं नसेल तर कारण शोधा. पगार अडकलाय का? घरी आजारपण आहे का? शेजारच्या माणसाला जास्त मिळतंय असं वाटतंय का? की तुम्हीच परवा गिऱ्हाइकांसमोर त्याचा अपमान केलात?

नव्या माणसाला पायरी-पायरीने सांगा, हातात हात धरून दाखवा. जुन्या जाणत्या मावशींना मात्र कढईत डोकावून "तेल कमी घाला" सांगत बसू नका. त्यांना फक्त सांगा की १२ पर्यंत ४० डब्यांची भाजी हवी आहे. जाणत्याला शिकवणं हा अपमानच असतो.

पाचवी गोष्ट : पगाराचं बोलणं वेगळं ठेवा

सुधारणेबद्दल बोलताना पगाराचा विषय आला की माणसाला बाकीचं ऐकू येत नाही. त्याचं सगळं लक्ष किती वाढणार याकडे. म्हणून पगाराची बैठक वेगळ्या दिवशी घ्या, वर्षातून एकदा किंवा दोनदा, तारीख आधी सांगून. समोर वही ठेवा. का वाढवले, का नाही वाढवले, आणि वाढायला काय करावं लागेल, हे स्पष्ट बोला.

दिवाळीला सगळ्यांच्या हातावर सारखंच पाकीट ठेवलं की भांडण टळतं असं आपल्याला वाटतं. पण सगळ्यात जास्त राबणाऱ्याच्या मनात काय येतं? "मी मेलो तरी तेवढंच आणि याने टंगळमंगळ केली तरी तेवढंच." तो भांडत नाही. तो फेब्रुवारीत शांतपणे दुसरीकडे जातो. सणाचं पाकीट सगळ्यांना सारखं द्या, बिनधास्त द्या. पण पगारवाढ कामावर द्या.

आणि दंडाच्या वाटेला जाऊ नका. उशीर झाला की कापा शंभर, ग्लास फुटला की कापा दोनशे, असं मनाला येईल तसं पगारातून कापायला कायदा परवानगी देत नाही. शिवाय दंड भरला की माणसाला वाटतं हिशेब मिटला. उशीर चालूच राहतो.

आणि कुणाला काढायचीच वेळ आली तर?

येते कधीकधी. वेल्च यांची एक गोष्ट इथे घ्या : माणसाला अंधारात ठेवू नका. काढलेल्या दिवशी त्याला आश्चर्य वाटलं, तर चूक तुमची.

वहीत तीन-चार आठवडे एकच गोष्ट लिहिलेली दिसली, शिकवून झालं, कारण विचारून झालं, तरी फरक नाही, तर सरळ सांगा : "ताई, तुम्ही आणि मी महिनाभर प्रयत्न केला. अजून एक महिना बघूया. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर आपल्याला थांबावं लागेल." महिन्यानंतर जे बोललात ते करा. निघताना राहिलेला पगार पूर्ण द्या, नियमाने जे देणं लागतं ते द्या, आणि गावात त्यांच्याबद्दल वाईट बोलू नका. उरलेली चार माणसं बघत असतात. आज त्यांच्याशी जसं वागलात तसंच उद्या आपल्याशी वागणार, हे त्यांना कळतं.

या आठवड्याचा गृहपाठ

वाचून सोडून देऊ नका. एवढंच करा :

- सोमवारी : एक दोनशे पानी वही आणा. प्रत्येक माणसाच्या नावाला काही पानं द्या.
- मंगळवारी : एका माणसासाठी, फक्त एका, चार ओळींची अपेक्षा लिहा. त्याच्याशी बोलून दुरुस्त करा.
- बुधवार ते शुक्रवार : रोज त्याची एक तरी घटना टिपा. चांगलीसुद्धा.
- शनिवारी : १५ मिनिटं, चहा आणि तीन प्रश्न.

सुरुवात तुमच्या सगळ्यात चांगल्या माणसापासून करा, वाईटापासून नको. आपण उलटं करतो. सगळा वेळ बिघडलेल्यामागे घालवतो आणि चांगल्याला गृहीत धरतो. "तो काय, करतोच की!" तो करतो म्हणून तर तुमचा धंदा चाललाय. त्याच्याशी शेवटचं कधी बोललात, कामाबद्दल, निवांत, राग नसताना?

आठवत नसेल तर शनिवारची वाट बघू नका. आजच दुकान बंद करायच्या आधी त्याला थांबवा आणि पहिला प्रश्न विचारून टाका.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत शिकत राहा, धंदा वाढवत राहा!